पेटी उजवीकडे, तबला डावीकडे

भिलाईत सुपेल्याच्या बाजारातला दुकानदार इयरफोन विकत नव्हता, धक्का विकत होता. त्याने आपल्या मोबाइलवर ढोलाचं एक गाणं लावलं, दोन्ही टोकं मला कानांत घालायला दिली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिला. कवटीला आतून कोणी लाथ मारावी तसा आवाज आला.

"बेस देखो भैया, बेस! पूरा दिमाग हिल जाएगा."

मी त्याला सांगितलं की मला दिमाग हलवायचा नाही. एक जुनं रेकॉर्डिंग आहे. त्यात कोण कुठे बसलंय आणि हळू आवाजात कोण काय बोलतंय ते मला वेगवेगळं ऐकायचं आहे. आवाज मोकळा हवा, बारीकसारीक सगळं आलं पाहिजे.

"वो सब इसमें भी आएगा. किसके लिए चाहिए?"

"बाबूजी के लिए."

"उमर कितनी है?"

मी सांगितली. तो हसला. "अरे, तो सस्ता वाला ले जाओ ना! उनको क्या फर्क समझ में आएगा?"

इयरफोन काउंटरवर ठेवून मी बाहेर आलो. राग दुकानदाराचा नव्हता. त्याने जे मोठ्याने म्हटलं तेच आमच्या ओळखीतली सगळी माणसं वर्षानुवर्षं मनात म्हणत आली होती, त्याचा होता.

माझे वडील भिलाईच्या कारखान्यात रोलिंग मिलवर होते. लालभडक सळई रोलमधून धावत जाते तिथे त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. घरी आले की तबला वाजवायचे. कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरातल्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत गायनाची एक संध्याकाळ असायची, आणि तिथे तबल्याची जागा त्यांची होती. कारखान्यात त्यांना कोणी अहोजाहो करत नसे. मंडळाच्या स्टेजवर मात्र अकाउंट्समधले, पर्सोनेलमधले साहेब लोक त्यांना आधी बसवायचे आणि मग आपण बसायचे.

मग एका वर्षी त्यांना सांगण्यात आलं की आता नव्या मुलांना संधी द्यायची आहे. नवा मुलगा एका अधिकाऱ्याचा भाचा निघाला. भाचा अधिकाऱ्याचा होता हे खरं, आणि तो तबला बरा वाजवायचा हेही खरं. वडिलांनी फक्त पहिली गोष्ट धरली. "मिलवाला होतो म्हणून काढलं," हा त्यांचा निकाल. तो त्यांनी जेवताना, चहा घेताना, पाहुण्यांसमोर आणि पाहुणे गेल्यावर इतक्या वेळा सुनावला की आमच्या घरात तो मीठमसाल्यासारखा झाला. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही दुर्गला बोरसीत राहायला आलो, तेव्हा सामान भरताना तबल्याची जोडी त्यांनी स्वतः मांडीवर घेतली. ती वाजवली मात्र नाही. दिवाणाखाली सरकवून दिली.

यंदा मंडळाचा फोन आला. जुन्या कलाकारांचा सत्कार करायचा ठरलाय, शाल-श्रीफळ आहे, रविवारी या. वडील लगेच हो म्हणाले. आई चकित झाली. मीही झालो. मग त्यांनी आपला बेत सांगितला.

त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाची कॅसेट आमच्याकडे होती. मंडळातल्याच एकाने हौसेने दोन माइक लावून ती भरली होती आणि कलाकारांना एकेक प्रत दिली होती. ती मी मागेच पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. वडिलांना ती सत्काराच्या वेळी, हॉलच्या स्पीकरवर, सगळ्यांसमोर लावायची होती.

"शाल घेतो अन् म्हणतो, आता आइका. दाखवा मले, कोठी चुकलो. एक जागा दाखवा."

"बाबा, आधी मला नीट ऐकू द्या."

"आइक न. तू पेपरवाला हायेस. पडताळून घे. पण मले मालूम हाय, त्यात काहीच नाही निघणार."

मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. छापण्याआधी पडताळायचं, ही आमची पहिली शिकवण. वडिलांनी तीच माझ्यासमोर ठेवली होती. टेप त्यांच्या बाजूने असेल तर त्यांचा दावा खरा ठरणार होता. नसेल तर भरल्या हॉलमध्ये ते आपल्याच हाताने आपली फजिती करणार होते. आणि टीव्हीच्या स्पीकरवर ती टेप म्हणजे नुसता लगदा होता. पेटी, गाणं, तबला, झांज सगळं एकाच पातेल्यात. मला इयरफोनच्या बाजारात जावं लागलं ते यामुळे.

वडिलांचे कान आता गेलेत, याबद्दल घरात वाद नव्हता. टीव्ही इतका मोठा असतो की शेजारच्या घरी बातम्या वेगळ्या लावाव्या लागत नाहीत, असं आई म्हणते. वाद एवढाच होता की ते कधी गेले. वडिलांचं म्हणणं, रिटायर झाल्यावर, वयाने. मंडळात वाजवत होते तेव्हा ठणठणीत होते.

इथे मिलची एक रीत सांगायला हवी. मिलवर कामगारांना कानांत घालायला रबराचे पिवळे बूच मिळायचे, दोरीने जोडलेले. ते घालायचे कसे हे वडील नव्या पोरांना शिकवायचे: उलटा हात डोक्यावरून न्यायचा, कानाची पाळी वर ओढायची, मग बूच सरळ आत. घालायची रीत त्यांना पाठ होती. घालायची सवय मात्र त्यांना नव्हती आणि त्यांच्या शिफ्टमधल्या कोणालाच नव्हती. कारण मिलचा जुना माणूस मिल कानाने चालवतो, असं ते मानायचे. सळई वाट सोडून उसळणार असेल तर आधी आवाज बदलतो, आणि तो ज्याला कळला तो बाजूला होतो. बूच घालणारा भित्रा, नाहीतर नवीन. म्हणून बूच खिशात राहायचे आणि खिशातून घरी यायचे. आईने ते तेलाच्या बाटल्यांना लावले. आमच्या स्वयंपाकघरात खोबरेल, जवस, तीळ, सगळ्या बाटल्यांना पिवळे बूच असायचे. इतकी वर्षं जे कानांत असायला हवं होतं ते तेलात भिजत होतं, आणि आम्हाला ते छान वाटायचं. घट्ट बसतं, गळत नाही.

हे आठवून मला आजही संताप येतो. मिल कानाने ऐकायची म्हणून त्यांनी कान मिलला देऊन टाकले. शेवटी मिलही ऐकू येईना. मग ते हातांवर चालले. मिलवर सगळेच हातांनी बोलतात, कारण त्या गोंगाटात ओरडून काही होत नाही. तळहात वर उचलला की वाढव, खाली दाबला की हळू, मूठ मिटली की थांब. आमच्या घरीही हेच चालायचं. आई दुसऱ्या खोलीतून मूठ दाखवायची आणि वडील टीव्ही बंद करायचे. शेजाऱ्यांना ते गमतीचं वाटायचं. कोणाला काळजीचं वाटलं नाही.

दुकानं सोडून मी इंटरनेटवर शोधलं. तिथे वेगळाच वैताग. जो तो लिहितो की आवाज मोकळा आहे, पडदा उठल्यासारखा आहे. मोकळा म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. कोण किती अंतरावर, कोणत्या बाजूला ऐकू येतो, झांजेचा आवाज कुठे संपतो, हे कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही. अशी बातमी कोणी माझ्याकडे आणली असती तर मी ती परत केली असती.

शेवटी आमच्या ऑफिसात व्हिडिओ कापणाऱ्या सहकाऱ्याने आपले वायरचे इयरफोन दोन दिवसांसाठी दिले. माणूस मूळचा जामुलचा, बोलायला तिखट.

"तुम्हारे पेपर में बाकी सब सुना-सुनाया छपता है," तो म्हणाला, "और एक कैसेट के लिए इतनी जांच?"

त्याने तीन मापांची रबरी टोकं दिली आणि बजावलं की कानात माप बरोबर बसलं नाही तर महागातला इयरफोनही पत्र्यासारखा वाजतो. मी मधलं माप घेतलं. टेप लावली.

झांज पहिल्यांदा सुटी झाली. पेटीच्या भात्याचा श्वास आला. वडिलांच्या तबल्याची चाट, काठावरची थाप, आली, आणि ती कडक होती. वाजत नव्हती, फटकत होती. गाणारा वर जात होता आणि ती त्याच्या अंगावर जात होती. लयही चढत होती, गाण्याला मागे टाकून. अंतऱ्यानंतर पेटी एकटी भरत होती तेवढ्यात एक दबका आवाज आला. मी मागे घेऊन पुन्हा ऐकलं.

"भाऊ, हळू."

पुढच्या कडव्यानंतर पुन्हा: "भाऊ, जरा हळू." आणि शेवटाकडे, जवळजवळ विनवणी: "हळू न, भाऊ." तबला एकदाही हळू झाला नाही.

आवाज गायकाचा होता. हे गायक अकाउंट्समध्ये होते, आता तेही निवृत्त आहेत, आणि वडिलांना काढायचं ठरलं त्या मंडळाच्या बैठकीत नव्या मुलांना संधी द्यायचा मुद्दा त्यांनीच मांडला होता.

घरी येऊन मी वडिलांना सांगितलं. इयरफोन त्यांच्या हातात दिले. त्यांनी उलटा हात डोक्यावरून नेला, पाळी वर ओढली आणि टोक सरळ आत बसवलं, दोन्ही बाजूंना, एका झटक्यात. मला मापं बदलून बदलून जे जमलं होतं ते त्यांना पहिल्याच वेळी. मी ती जागा लावली.

"कोठी?"

"आत्ता गेली. पुन्हा लावतो."

"मले तं पेटी ऐकू येऊन राहिली नुसती."

पुन्हा लावली. आवाज वाढवला. त्यांनी टोकं काढून टेबलावर टाकली.

"तू म्हनतेस म्हणून असन. अन् असन तरी काय? पेटीवाल्याले म्हटलं असन. त्यालेही सारे भाऊच म्हणत न. पेटी कमी पळवते का तो?"

हा युक्तिवाद चूक नव्हता, म्हणूनच मला तो जास्त झोंबला. सहकाऱ्याच्या इयरफोनमध्ये सगळं स्पष्ट होतं, पण सगळं कपाळाच्या मध्यावर, एका रांगेत. कोण कोणाकडे वळून बोलतंय ते त्यात कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते परत करताना हे सांगितलं तर सहकारी म्हणाला, मग तुला बारीक नाही, रुंद ऐकायचंय. त्याने आणखी एक नाव सांगितलं. मी ते मागवलं. शनिवारी दुपारी आलं. डबा फोडला, मधलं माप बसवलं, तीच जागा लावली.

हॉल उभा राहिला. दुसरा शब्द मला सुचत नाही. पेटी उजवीकडे, मधे गायक, मागे झांज, आणि डावीकडे, थोडा पुढे, तबला. मधे मोकळी जागा होती, त्यात कोणी खोकत होतं. "भाऊ, हळू" हे शब्द मधून निघाले आणि निघता निघता डावीकडे सरकले. दुसऱ्यांदाही डावीकडे. तिसऱ्यांदाही. मान तबल्याकडे वळली होती. पेटीकडे एकदाही नाही.

ज्या गोष्टीसाठी मी आठवडाभर दुकानदारांशी, जाहिरातींशी आणि बापाशी भांडलो ती अखेर कानात होती, आणि मला इयरफोन भिंतीवर फेकावेसे वाटत होते.

आई समोर शेंगा सोलत होती. तिने विचारलं, "निघालं काही?" मी टोकं तिच्या कानांत घातली. तिला गाण्यातलं फार कळत नाही. तिने डोळे मिटून घेतले नाहीत की मान डोलावली नाही. शेंगा सोलत राहिली. मग हात थांबले.

"म्हणून राहिला न तो. हळू म्हणून राहिला."

वडील खुर्चीत बसून तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"कोणाले?" त्यांनी विचारलं. मोठ्याने. ते सगळं मोठ्यानेच बोलतात.

आईने शेंग धरलेलं बोट आपल्या डाव्या कानाकडे नेलं.

"तुम्ही या बाजूले बसत होते न?"

वडील खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "पुन्यांदा लाव." तिने ऐकलं, पुन्हा तेच बोट दाखवलं. माझ्या म्हणण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण मी पुरावा आणतो. तिच्यावर होता, कारण तिला यातलं काही सिद्ध करायचं नव्हतं.

"म्हणजे तवाच गेले होते," ते म्हणाले.

"मी तं तवाच म्हणत होती," आई म्हणाली, आणि मग तिची नजर ओट्यावरच्या तेलाच्या बाटलीकडे गेली.  तिनेही म्हटलं नव्हतं. कोणीच म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, उद्या जाऊ नका, फोन करून कळवतो. ते माझ्यावर उखडले. "कावून? चोरी केली का मी? जाईन. टेप नाही लावत. पण विचारतो."

रविवारी हॉल भरला होता. शाल, श्रीफळ, फोटो. सूत्रसंचालक वडिलांबद्दल बोलला: त्यांनी मोठ्या मनाने नव्या पिढीला जागा करून दिली. वडिलांना ते ऐकू आलं नाही, हे बरं झालं की वाईट, मी अजून ठरवलेलं नाही. चहाच्या वेळी गायक स्वतःहून पुढे आले. पांढरा सदरा, हातात बशी.

"भाऊ, तब्येत काय म्हणते? किती वर्षांनी!"

वडिलांनी सरळ विचारलं. "शेवटच्या कार्यक्रमात तुम्ही मले हळू म्हटलं होतं का?"

आजूबाजूचे चार-सहा लोक वळले. गायक हसले. "छे हो! काहीतरीच काय. तुमच्यासारखा ठेका पुन्हा मिळाला नाही आम्हाला."

वडिलांना त्या गर्दीत एक अक्षर कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून बोटं फिरवली, मिलवरची खूण: काय म्हणाला?

माझा संयम तिथे सुटला. मी गायकांना सांगितलं की टेप माझ्याकडे आहे, दोन माइकची आहे, तुमची मान कोणत्या बाजूला वळली होती तेही त्यात ऐकू येतं. तुम्ही त्यांना किती वेळा हळू म्हणालात ते मी सांगू की तुम्ही सांगता? आवाज मी चढवला नाही. आमच्या धंद्यात प्रश्न शांतपणे विचारायचा असतो. 

"अहो, तो विषय आता..." ते म्हणाले. "त्यांना वाईट वाटलं असतं."

"त्यांनी विचारलंय. त्यांना सांगा. ऐकू येत नाही त्यांना, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?"

गायकांनी बशी टेबलावर ठेवली. वडिलांकडे पाहिलं, होकाराची मान हलवली, आणि मग, बहुधा त्यांनाही नकळत, उजवा तळहात हवेत धरून हळूहळू खाली दाबला. कोणीही हळू म्हणताना करेल तसा.

वडिलांनी तो हात पाहिला. मिलवर अख्खी नोकरी त्यांनी तो हात पाहिला होता आणि प्रत्येक वेळी, तत्क्षणी, मानला होता.

"हा हात," ते म्हणाले, आणि हॉलमधली कुजबुज थांबली, कारण ते नेहमीसारखे मोठ्याने बोलत होते, "हा हात तवा कावून नाही दाखवला?"

गायक माझ्याकडे वळून बोलले, जणू मी दुभाषा होतो. "चारचौघांत तबलजीला हात दाखवणं बरं दिसलं नसतं हो. लोक बसले होते समोर. साहेब लोक होते."

मी ते वडिलांच्या कानाशी जाऊन, शब्दाला शब्द, ओरडून सांगितलं. काही वगळलं नाही.

"अन् काढून टाकणं बरं दिसलं?"

 सूत्रसंचालकाने माइकवरून सांगितलं की चहा गरम आहे, सर्वांनी लाभ घ्यावा. गायकांनी पुन्हा बशी उचलली, मग ठेवली. वडिलांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घालून आईकडे दिली आणि चालू लागले.

गाडीत ते मागे बसले होते. गाडी सुपेल्यातून पुढे आली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"ते कानात घालाचं तुझ्याजवळच ठेव. माह्या कामाचं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे चल. किती उरले ते पाहू."

आई मला म्हणाली, "गाडी हळू चालव."

तिने हे म्हणताना तळहातही हवेत खाली दाबला. मागे वडिलांनी मान हलवली.